जमलेला फटका कुणाचा?

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथं लिहितेय.

लष्करी छावणीतल्या मैदानावर मी नवऱ्यासोबत गोल्फ खेळायला जाते. धुणं आपटताना धरावं तशी मी स्टिक आवळून धरायचे, आणि चेंडू कायम वाकडा पळायचा. शिकवणाऱ्या सरांनी पकड बदलायला लावली. म्हणाले, "ताई, सवय मोडताना आधी जमत होतं तेवढंही जमणार नाही. पण जुन्या पकडीवर परत जाऊ नका."

तसंच झालं. कित्येक आठवडे चेंडू धड उडेना. मी रोज गच्चीवर झाडू उलटा धरून नवी पकड घोटत राहिले. हे मात्र मित्रांसमोर हसायचे, "हिच्या हातून नाय व्हायचं."

आज चेंडू सुटला तो सरळ आणि लांब. पकड बसली, हे डोळ्यांआधी हातांना कळलं.

यांचे मित्र ओरडले, "वहिनी, लई भारी!"

मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "मग! किती डोकं फोडलंय हिच्यामागं, मला विचारा."

गच्चीवर एकदा तरी आले होते का बघायला?

पुढचा चेंडू मी मुद्दाम झाडीत घातला. लगेच म्हणाले, "बघा, सांगितलेलं ऐकतच नाय ही."

सांगा बरं, जमलेलं त्यांचं आणि चुकलेलं तेवढं आपलं, ही वाटणी तुमच्याकडं पण अशीच आहे का?