फुगडीचं वजन

तुळई मोडली तेव्हा माझे दोन्ही हात कुसुमच्या हातांत होते. आम्ही फुगडी घालत होतो, अंग मागे टाकलेलं, आणि एकदम पायाखालच्या फळ्या मधोमध खचल्या. दोघी एकमेकींवर पडलो. माडीची झोळी झाली. गौरीपुढची समई कलंडली, ती कुणीतरी तांब्यातलं पाणी ओतून विझवली. कुसुम माझी नणंद. तिला वाटलं मीच तोल घालवला, म्हणून ती अजून हसत होती. मग खालून सासूबाईंची किंकाळी आली.

"हलू नका!" जिन्यातून माझे धाकटे दीर ओरडले. "कुणीही उठू नका. बसल्या बसल्या भिंतीकडे सरका. भिंतीकडे!"

"अरे वसंता, तुझी आई ओरडतेय खाली. तिकडे बघ आधी," चुलत सासूबाई म्हणाल्या.

"तिच्यासाठीच सांगतोय, काकू. तुम्ही उठलात तर सगळी तुळई तिच्यावर बसेल."

तुळईचं मोडकं टोक सासूबाईंच्या पायावर आलं होतं. त्या करंज्यांचं ताट घेऊन नेमक्या खाली उभ्या होत्या. भावोजींनी आम्हाला एकेकीला नाव घेऊन बोलावलं, भिंतीला पाठ लावून जिन्यापर्यंत आणलं. एक चालत असताना दुसरी हलली की तिच्यावर खेकसत. आवाज घट्ट होता. मी शेवटच्या बायकांत होते. आई खाली विव्हळत होती आणि हा माणूस जिन्यात उभा राहून बायका उतरवत होता. माडी रिकामी झाल्यावरच ते खाली धावले. शेजारच्या आग्नेसबाईंचा नवरा आणि ते, दोघांनी वासा घालून तुळई उचलून धरली आणि आम्ही सासूबाईंना ओढून काढलं. गुडघ्याखाली पाय मोडला होता.

हे अंधेरीचं, एकोणीसशे पन्नासनंतरच्या दशकातलं. माझी ती सासरची पहिली मंगळागौर. आणि तुळई कशामुळे मोडली म्हणाल, तर भावोजींमुळे.

भावोजी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. अंगाने काडी, आणि एका जागी बसणं ठाऊक नाही. उभ्याने जेवायचे. चहाची बशी हातात घेऊन घरभर फिरायचे. पेन्सिलीने भिंतीवर टकटक करून कान लावायचे. मी नवी सून, मला वाटलं होतं ह्यांच्यात काहीतरी कमी आहे. एकदा मी चूल पेटवत होते तर मागे उभे राहून म्हणाले, "वहिनी, धूर इकडेच का येतो सांगा."

म्हटलं, "भावोजी, मी चौथी शिकलेय. तुम्हीच सांगा, नाहीतर बाजूला व्हा."

ते बाजूला झाले नाहीत. चूल हातभर सरकवून दाखवली. धूर थोडा कमी झाला, पण मला पोळी लाटायला जागा उरली नाही. तिथे माणूस बसतं, त्याला कोपर असतं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. तसे ते होते.

खालच्या खोलीत मधोमध एक लाकडी खांब होता. वरच्या तुळईला त्याचा टेकू. भावोजींच्या ड्रॉइंग बोर्डाला जागा हवी होती आणि खांब आड यायचा. एक दिवस ते सासऱ्यांना म्हणाले, "नाना, हा खांब फुकट उभा आहे. तुळई त्याच्याशिवाय पेलते. मी हिशेब केलाय. वर घर भरून माणसं बसली तरी पेलते."

मुलगा इंजिनिअर होणार म्हणून मामंजी आधीच फुगलेले. त्यांनी कुणाला विचारलं नाही, सुताराला बोलावलं आणि खांब काढून टाकला. त्यानंतर वर सत्यनारायण झाला, पंगत बसली, काही झालं नाही. भावोजी खाली उभे राहून वर बघत होते आणि खूश होते. मग श्रावण आला आणि माझी मंगळागौर.

मामंजी त्या संध्याकाळी कचेरीतून आले ते सासूबाईंना हातगाडीवर घालून नेतानाच. पायाला प्लास्टर होऊन सासूबाई घरी आल्यावर ते भावोजींना म्हणाले.

"झालं हे कॉलेज. माझ्या कचेरीत चिकटवतो तुला. कागद खालीवर कर. त्यात कुणी मरत नाही."

भावोजींनी मान खाली घातली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसांत ते कॉलेजला गेलेच नाहीत. घरात बसवेना, बाहेर राहवेना. दारापासून विहिरीपर्यंत जायचे, परत यायचे. बोर्ड भिंतीला उलटा करून ठेवला होता. आग्नेसबाई कुंपणावरून ओरडायच्या, "काय रे फुगडी इंजिनेर! माझ्या घराला हात नको लावू हां!" तेव्हापासून ते नाव पडलं. ते त्यांच्याकडे बघून हसायचे, पण ते हसणं बघवत नव्हतं.

शेवटी सासूबाईंनी खाटेवरून सगळ्यांना बोलावलं. मामंजी पुन्हा तेच सुरू करत होते, की आई खाली विव्हळत होती आणि हा बायकांना रांगेत उतरवत होता.

"पाय कुणाचा मोडलाय?" सासूबाई म्हणाल्या.

"तुझा."

"मग निकाल मी देणार. त्यानं आधी मला ओढलं असतं तर बायकांनी धावाधाव केली असती आणि माडी माझ्या डोक्यात आली असती. तेवढं तो शिकलाय. खांब का काढू नये ते अजून शिकला नाही. असा अर्धवट शिकलेला घरात ठेवता? उद्या भिंत काढेल. पुरता शिकवून आणा त्याला."

मामंजी म्हणाले, "आणि पुन्हा काही केलं तर?"

"तर माझा दुसरा पाय आहे."

भावोजी रडले. सासूबाई म्हणाल्या, "रडू नको, आधी तो खांब लाव." खांब लागला, तुळई नवी आली. बोर्ड खोलीच्या एका कोपऱ्यात तिरका बसला. दुसऱ्या दिवशी भावोजी कॉलेजला गेले.

पण चुकलं कुठे ते त्यांना सापडत नव्हतं. आकडे पुन्हा पुन्हा मांडायचे, उत्तर तेच यायचं, की तुळई पेलते. एका रविवारी अंगणात त्यांनी दोन बाजूंना विटा रचून त्यावर लांब फळी टाकली आणि कुसुमला म्हणाले, "मध्ये उभी राहा."

फळी वाकली. त्यांनी खाली पट्टी धरून बघितलं.

"आता उडी मार."

"मी काय सर्कशीतली आहे का रे?"

"मार ना गं."

तिने उडी मारली. फळी केवढी खाली गेली! भावोजी जमिनीला गाल लावून पडले होते, तसेच पडून राहिले. "परत मार," म्हणाले. मग मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोघी जमिनीवर फुगडी घाला." आम्ही घातली. ते आमच्या पावलांकडे बघत राहिले. मंगळागौरीला आमच्याबरोबर बाकीच्यांचीही फुगडी चालली होती, सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडत होते. मी ते सांगितल्यावर त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"मी हिशेबात बायका धरल्या होत्या, वहिनी. पण बसलेल्या धरल्या. ठेक्यात आपटणारं वजन जास्त भरतं, हे सगळं पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं. पुस्तकात इंजिनं होती हो. फुगड्या नव्हत्या."

हेच त्यांनी वर्गात उभं राहून सांगितलं. स्वतःच्या घरचं, आईच्या पायासकट. पोरं हसली. शिकवणारे गृहस्थ दक्षिणेकडचे, त्यांनी विचारलं फुगडी म्हणजे काय. सांगून समजेना. मग भावोजींनी बाकावरच्या एका सोबत्याला ओढलं आणि फळ्यापुढे दोघांनी फुगडी घातली. मास्तरांनी ती शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाले, आता हिशेब मांड. तो तास सगळा फुगडीवर गेला. घरी येऊन भावोजींनी हे सांगितलं तेव्हा सासूबाई इतक्या हसल्या की प्लास्टरमधला पाय दुखला.

त्यानंतरही ते शांत झाले नाहीत. वेगळे अस्वस्थ झाले एवढंच. आधी "हे का?" विचारायचे, आता "इथे काय काय होतं?" विचारू लागले. कुणाच्याही घरी माडीवर गेले की भिंतीशी उभे राहायचे. ते शेवटच्या वर्षाला असताना कुसुमचं लग्न मुलुंडला झालं, कार्यालय वरच्या मजल्यावर होतं. कानपिळीची वेळ आली, गुरुजी नवरीच्या भावाला हाका मारताहेत, आणि भाऊ गायब. मी शोधत खाली गेले. भावोजी खालच्या गोदामात मान वर करून उभे.

"भावोजी, नवऱ्याचा कान कोण पिळणार?"

"वर बँडवाले नाचायला लागलेत का, वहिनी?"

"नाचतील तर नाचतील. चला!"

कुसुमने तो राग पुष्कळ वर्षं धरला. नवऱ्याचा कान मात्र त्यांनी असा पिळला की तो लाल झाला.

परीक्षा पास झाले. पहिला वर्ग वगैरे काही नाही, पास झाले. मामंजींनी पेढे वाटले. सासूबाईंचा पाय आखूड राहिला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या काठीने पाय दाखवायच्या, "ही बघा माझ्या वसंताची डिग्री." भावोजींसमोरच म्हणायच्या. ते उठून जायचे नाहीत. ऐकून घ्यायचे.

पुढे त्यांनी कांदिवली, बोरिवलीकडे साध्या माणसांची घरं बांधली. कागद उघडण्याआधी घरातल्या बायकांना बोलवायचे. बारसं कुठे होतं, मसाला कुठे कांडता, पोरं कुठे उड्या मारतात, मंगळागौर करता का. एक घरमालक वैतागून म्हणाला, "साहेब, घर बांधायचंय की लग्न जमवायचंय?" भावोजींनी त्याच्या बायकोलाच पुढचा प्रश्न विचारला. त्यांचं कुठलं घर पडल्याचं मी ऐकलं नाही.

लोक म्हणायचे, त्या एका दिवसाने वसंता घडला. मला हे बोलणं आवडत नाही. माणूस घडायला दुसऱ्याचा पाय मोडावा लागतो हे काही कौतुकाने सांगायचं नव्हे. ते घडले असतील तर नंतर घडले. ज्या घरात आईची काठी रोज वाजते, त्याच घरात बसून त्यांनी अभ्यास केला, त्याने घडले.

भावोजी आजारपणात गेले, फार वर्षं झाली नाहीत. त्यांच्याआधी पुष्कळ वर्षं सासूबाई गेल्या, म्हाताऱ्या होऊन, आपल्या खाटेवर. त्या मंगळवारी आमच्या घरात जेवढी माणसं होती तेवढी सगळी वाचली. आज त्यांतल्या मी आणि कुसुम दोघीच आहोत.