फ्रीजरमधली पानं

तिला आम्ही आजी म्हणायचो. वय वर्षं एकोणीस. नाव मीच ठेवलं होतं, आणि कौतुकानं नव्हे.

शिकायला म्हणून या शहरात आलेल्या आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी, आजी आणि पीएचडी करणारी ताई. आजी आली तेव्हा तिच्याकडे एक ट्रंक, एक बादली आणि सुईदोऱ्याचा डबा एवढंच सामान होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायला घेतली. कपड्यांचं पाणी संडासात. पाठकोऱ्या कागदांवर नोट्स काढता याव्यात म्हणून झेरॉक्सवाल्याकडून रद्दी मागून आणायची. दुकानात जाताना झाकणाचे डबे न्यायची आणि सामान त्यातच घालून द्यायला लावायची. दुकानदार वैतागायचा, मागची रांग वैतागायची आणि मी तिला ओळखतच नाही अशा थाटात बिस्किटांचे पुडे निरखत उभी राहायची.

बरं, हे सगळं एका शब्दाचाही उपदेश न करता. हेच मला जास्त झोंबायचं. कुणी उपदेश केला तर उलट उत्तर तरी देता येतं. ही आपली गुपचूप माझ्या पार्सलांचे खोके उलगडून, सपाट करून, कपाटामागे लावून ठेवायची. मला उगाचच चोरी पकडली गेल्यासारखं व्हायचं.

तिचे वडील वायरमन. त्यांच्या शेजारचं एक बंद घर वायर जळून पेटलं होतं, तेव्हापासून त्यांच्याकडे एक नियम होता. शेवटी बाहेर पडेल त्यानं मेन स्विच बंद करायचा. वीजही वाचते आणि घरही. आजीनं हा नियम ट्रंकेसोबत इथे आणला. घर दोन दिवस रिकामं राहणार असलं तरी ती फ्रीजमधलं आमच्याकडून संपवून घ्यायची आणि जाताना मेन बंद करायची. फ्रीजमध्ये असायचं तरी काय, अर्धं लिंबू आणि पाण्याच्या बाटल्या. त्यामुळे कुणी कधी हरकत घेतली नाही.

रस्त्याकडेच्या झाडांवर धुराचा काय परिणाम होतो, हा ताईचा विषय. दोन वर्षं, दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या त्याच झाडांची पानं ती तोडून आणायची, पाकिटात घालायची, वर पेन्सिलीनं तारीख लिहायची आणि विभागातल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवायची. तपासणी शेवटी एकदमच व्हायची होती. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी विभागातला तो फ्रीजर बंद पडला. ताई घामाघूम होऊन सगळी पाकिटं रिक्षातून घरी घेऊन आली आणि आमच्या फ्रीजरमध्ये ठासून भरली. त्याच दुपारी तिच्या बहिणीला दवाखान्यात नेल्याचा फोन आला. तिनं हाताला लागतील ते कपडे बॅगेत कोंबले.

आजी क्लासला गेली होती. तिचा फोन चौथ्यांदा दुरुस्तीला दिलेला, कारण नवा घेणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. जिना उतरता उतरता ताई मला म्हणाली, "आजीला सांग, या वेळी मेन बंद करू नकोस म्हणावं. विसरू नकोस हं, माझं सगळं त्यात आहे."

"हो गं, सांगते. तू जा," मी म्हणाले.

आता खरी गोष्ट अशी की आजीचा नि माझा तेव्हा अबोला होता. चार दिवसांपूर्वी मी माझे जुने बूट कचऱ्यात टाकले होते. तळ निघाला होता. तिनं ते डब्यातून काढले, चिकटवले, वरून टाके घातले, पुसले आणि माझ्या पलंगापाशी आणून ठेवले. माझी वर्गातली मैत्रीण बसली होती, तिच्यादेखत आजी म्हणाली, "अजून वर्षभर आरामात चालतील." मी नवेकोरे बूट घालून उभी. माझं डोकंच फिरलं. "कचरा चिवडायची सवय घरी दाखव," असं मी तिला बोलले. तिचा चेहरा पडला. बूट उचलून ती आत गेली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघीच घरात होतो. एकाच टेबलावर, समोरासमोर जेवलो. निरोप माझ्या ओठांवर होता. मी ठरवलं, तिला आधी काही बोलू दे, मीठ जरी मागितलं तरी मग सांगून टाकीन. तिनं उठून स्वतःच मीठ घेतलं. सकाळी मी तिच्या आधी निघाले, दाराशी क्षणभर थांबलेसुद्धा. ती पाठमोरी कपडे वाळत घालत होती.

बसमध्ये मी फोन हातात घेतला होता. तिचा फोन आदल्या संध्याकाळीच दुरुस्त होऊन आलेला, नंबर समोर. मग वाटलं, मीच का नमतं घ्यायचं? आणि निघण्याआधी ती फ्रीजर उघडून बघेलच की. हेही मी स्वतःला पटवलं. ती उघडणार नाही हे मला पुरतं माहीत होतं. फ्रीजर ताईचा ठरलेला होता, आणि दुसरीच्या कप्प्याला आजीनं कधी हात लावला नाही.

सुट्टी बारा दिवसांची होती, ऐन उन्हाळ्यातली. ताई सर्वांत आधी परतली.

मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं आणि वास जिन्यापर्यंत येत होता. ताई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती. पुढ्यात ओली पाकिटं. पानांचा काळा चिखल झालेला, पेन्सिलीच्या तारखा मात्र नीट वाचता येत होत्या. ती एकेक पाकीट उचलून तारीख वाचायची आणि बाजूला ठेवायची. आजी तासाभरानं आली, ट्रंक हातात घेऊन दारातच थांबली.

"तू मेन बंद केलास?" ताईनं विचारलं.

"हो. नेहमीसारखा."

ताई माझ्याकडे वळली. "तू सांगितलं होतंस ना हिला?"

माझ्या तोंडातून खणखणीत निघालं, "सांगितलं होतं."

आजी माझ्याकडे बघत राहिली. मग ताईला म्हणाली, "माझी चूक झाली."

"आयुष्यभर दिवे विझवत बस," ताई ओरडली. "माझी दोन वर्षं विझवलीस तू!" ताईचा आवाज तेवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. आजीबरोबर एका घरात राहणार नाही, असं तिनं त्याच दिवशी सांगून टाकलं. आठवड्यात आजी गेली. जाताना तिनं फ्रीज सोड्यानं घासून कोरडा केला.

ताईच्या गाईडनी नव्यानं पानं गोळा करायला सांगितलं. पण शिष्यवृत्तीचे सातच महिने उरले होते. चार महिने तिनं रेटून पाहिलं, मग पीएचडी सोडली आणि गावी जाऊन शिकवण्या घ्यायला लागली. ती गेली त्या दिवशी मला घरात बसवेना. आजीचा पत्ता झेरॉक्सवाल्याकडे मिळाला.

शहराच्या पार टोकाला, एका इस्त्रीच्या दुकानावर तिची खोली. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं. ती वाळली होती. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. बस, फोन, सगळं. रडलेसुद्धा.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू मला काही सांगितलं नव्हतंस, हे मला माहीत असणारच ना."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुझ्याकडे बघत होते. वाटलं, आता बोलशील. आणि फ्रीजर मी उघडून बघायला हवा होता. तेवढं माझंच चुकलं."

मला हलकं वाटायला लागलं. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी गेले होते. ही ओरडणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"ताईला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

ती रागानं बोलली नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं. मी पेला खाली ठेवला आणि निघाले.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. ताईला मी अजून सांगितलेलं नाही.