चाललेली मशीन

लोक म्हणतात, वय झालं की माणूस विसरतं आणि माफ करतं. माझं पहिलं अर्धं सुरू झालंय, चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही. दुसरं अर्धं मला जमलेलं नाही, आणि जमवायचंही नाही.

नात बीदरला मैलूर भागात राहते, नोकरी करते आणि सुट्टीला गिटार वाजवते. तिला घरात वाजवायला काचेच्या वॉल्वचा अँप्लिफायर हवा होता. घरासाठी लहानच बरा, मोठा घेतला तर त्याचा खरा गोडवा बाहेर येईपर्यंत शेजारी दार वाजवतात, असं ती म्हणाली. तिच्यापुढं दोन होते. एक कोरा, इंटरनेटवरून खोक्यात येणारा, वर्षाच्या हमीचा. दुसरा जुन्या बाजारातल्या एका दुकानातला, वापरलेला. त्याचा फोटो तिनं फोनवर दाखवला. मशीनवर दुकानदाराचा हात होता, आणि डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

पंचेचाळीस वर्षांनी मी एक अंगठा ओळखला.

"हेच घेऊ," मी म्हणाले. "पण मी येणार पारखायला."

नातीला वाटलं आजीला गिटार आवडायला लागली.

तेव्हा आम्ही भालकीला राहायचो. मी बावीसची आणि अक्कल बाराची. वस्तीतल्या सात बायांची आमची गायन पार्टी होती. एप्रिलातल्या जयंतीला गायचं, पण लाऊडस्पीकर भाड्याचा, आणि भाड्याची मशीन आली की आधी पुरुषांची पार्टी. आमचा नंबर यायचा तेव्हा समोर पेंगलेली पोरं आणि दोन कुत्री उरायची. म्हणून आम्ही स्वतःची मशीन घ्यायचं ठरवलं. निवडायला मला पाठवलं, कारण माझ्या हातात घड्याळ होतं. ते बंद होतं, हे फक्त मला माहीत होतं.

दुकानदार माझ्याच वयाचा, डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. त्यानं दोन मशिनी पुढं ठेवल्या. एक पोचे आलेली, झाकण उघडं. दुसरी हिरवीगार, पन्नीत गुंडाळलेली. पोचेवालीकडं बोट दाखवून म्हणाला, ही चाललेली मशीन हाय, अक्का, पण लई चांगली. मी नाक असं वर केलं की त्यावर पदर वाळत घालता आला असता. आमच्या आयांनी दुसऱ्यांच्या दारचं उष्टं खाल्लेलं. धम्म घेतल्यावर वस्तीनं ठरवलेलं, कुणाचं उरलेलं अन्न घ्यायचं नाही, कुणाचं उतरलेलं लुगडं नेसायचं नाही. मी भाषणच ठोकलं. "दुसऱ्याची वापरलेली वस्तू आमी कामून घ्यावी? आमाला कोरी पायजे."

त्यानं मान डोलावली. आता कळतं, तो मान डोलावत नव्हता, माप घेत होता.

आणखी एक शहाणपणा केला. आमच्याकडं लुगडं असो की भांडं, नवं ते जयंतीलाच पहिल्यांदा काढायचं. म्हणून त्याला पन्नीसुद्धा काढू दिली नाही. तो म्हणाला, एकदा लावून तरी बघा. हे त्यानं म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हणाले, कोऱ्या वस्तूला काय बघायचं? दोन महिने ती मशीन माझ्या घरी पाटावर बसली होती, नवरीसारखी. मी रोज पन्नीवरची धूळ पुसायचे.

जयंतीला आम्ही पहिल्या बसलो. समोर सगळी वस्ती, पुरुषांची पार्टी तोंड पाडून मागं. तिसऱ्या कडव्याला मशीन भुंग्यासारखी घुमायला लागली, मग जळका वास आला, आणि आवाज गेला. तेही चाललं असतं. पण वॉल्व तापल्यानं वरचा हिरवा रंग फुगला, पापडासारखा सुटला, आणि खालून जुनी पांढरी अक्षरं निघाली. कुठल्याशा मंडपवाल्याची होती. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ती मोठ्यानं वाचली. त्या दिवशी वस्तीतली साक्षरता फार जाणवली.

आमच्या वस्तीत सगळ्यात उष्टी वस्तू मी आणली होती, आणि तिची धूळ पुसली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. त्यानं मशीनकडं बघितलंही नाही. म्हणाला, "मशीन चांगलीच होती. तुमीच लई जोरात गायलाव."

हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षं जपलं. दागिनेसुद्धा इतके जपले नाहीत.

तर बीदरचं दुकान. तो म्हातारा झालेला, कानात यंत्र. मला ओळखलं नाही. मी स्टूल मागितलं आणि ठाण मांडलं. आधी मागचं झाकण उघडायला लावलं. मग दिवा मालवायला लावला. वॉल्व लाल दिसले तेव्हा तो म्हणाला, बघा अक्का, कसे उजळलेत. मी म्हणाले, उजेड तर मरायला टेकलेला वॉल्वसुद्धा देतो, टोकून दाखवा. नातीनं शिकवलं होतं, चालू मशीनच्या वॉल्वला पेन्सिलनं हळूच टोकायचं. एक वॉल्व स्पीकरमधून किणकिणला, म्हणजे तो बाद. तो बदलायला लावला. मग दोन तास मशीन नुसती चालू ठेवायला सांगितली. गिऱ्हाईकं आली, गेली. मधूनमधून मी उठून नखानं रंग खरवडून बघायचे.

"रंग कामून खरवडायलाव, अक्का?"

"खाली काय लिवलंय बघायले."

खाली काही नव्हतं. मशीन खरंच चांगली होती. नातीनं वाजवलं तेव्हा सूर मऊ भाकरीसारखा फुगून आला. मला फार राग आला. वाईट मशीन त्याच्या तोंडावर परत मारायची, एवढ्यासाठी तर मी आले होते.

तो खुलला. म्हणाला, चाललेली मशीनच घ्यावी, सगळं उघडं असतंय, नव्याच्या रंगाला लोक भुलतात. मी म्हणाले, भालकीची एक बाई भुलली होती म्हणे. पन्नीतली हिरवी मशीन, जयंतीला रंग सुटला. तो हसायला लागला, पोट धरून. म्हणाला, "असल्या लई बाया यायच्या. कोरं कोरं करायच्या."

"ती बाई मी," मी म्हणाले.

तो हसायचा थांबला. माझ्याकडं निरखून बघितलं, आणि खरं सांगितलं, त्याला आठवत नव्हतं. मी पंचेचाळीस वर्षं जपलेलं त्याच्याकडं एक दिवससुद्धा टिकलं नव्हतं.

नातीनं माझा हात धरला. "आजी, चल, आपण नवीनच घेऊ."

"न्हाई. हीच घ्यायची. पण रविवारी हे स्वतः घरी आणून लावतील, आणि आमचं गाणं संपेपर्यंत बसतील."

तो बिचारा सुटलो म्हणून हो म्हणाला. गाणं केवढं आहे, हे त्यानं विचारलं नाही.

रविवारी मैलूरच्या घरात मी तेवीस बाया जमवल्या आणि पाहुणे कोण आहेत ते सगळ्यांना सांगून ठेवलं. त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. मशीन माझ्या माइकला जोडली, नातीनं गिटार धरली. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याच्या अर्ध्यात मी हात वर केला आणि गप्प झाले. नातीनंही तारांवर हात ठेवला. त्यानं दचकून मशीनकडं बघितलं, मग बायांकडं. तेवीसही बाया त्याच्याकडंच बघत होत्या.

"मशीन बंद पडली न्हाई," मी म्हणाले. "मीच थांबले. कसं वाटतंय, ते तुमाला कळावं म्हणून."

मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मूळ गाणं नऊ कडव्यांचं. त्यापुढची दोन मी त्याच सकाळी रचली होती, त्यांत हिरव्या रंगाचा डबा होता, एक ब्रश होता आणि दुभंगलेल्या नखाचा अंगठा होता. ती दोन बायांनी तीनदा म्हणवून घेतली. चहा गाणं संपल्यावर दिला, तोवर गार झाला होता.

निघताना दारात त्यानं कानातलं यंत्र काढून हातात धरलं.

"अक्का," म्हणाला, "लई जोरात गायलाव."

"व्हय," मी म्हणाले. "आज मशीननं सोसलं."