कुबातच्या भाषणाचा आवाज

ओश शहराच्या बाजारात, नदीकाठच्या लोखंडी कंटेनरांच्या रांगेत सातीबाल्दीचं दुकान होतं. लग्नाच्या, मेजवान्यांच्या कॅसेटवरून डीव्हीडी करून देणं हा त्याचा धंदा. त्याआधी बावीस वर्षं तो थिएटरात मशीनवर सिनेमे चालवायचा. थिएटरात फर्निचर विकायला लागले, तेव्हा तो इथं आला. घरोघरचे मुलगे रशियात कामाला. इकडचं सुखदुःख तबकडीवर घालून त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम त्याच्याकडे होतं.

उरुमकान एकच तबकडी तिसऱ्यांदा परत घेऊन आली. बासष्ट वर्षांची बाई. धाकटा भाऊ मानून त्याला उका म्हणायची; बाजारातले तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत.

"उका, टीव्हीचा आवाज पुरता चढवला. जाहिरात लागली की घर हादरतं, आणि माझा पोरगा मात्र कुजबुजतो."

"एजे, ह्यालाच ऐकू येत नसेल," शेजारची मोजे विकणारी गुल्सुन म्हणाली. "बायकोची हाक तरी कुठं ऐकू येते!"

"तुझी येते ना, दोन गल्ल्या पलीकडून," सातीबाल्दी म्हणाला.

उरुमकान हसली नाही. नातू चालायला लागला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याच्या पायांना बांधलेली दोरी कापायची मेजवानी झाली होती. तबकडीवर तीच मेजवानी होती. कुबात, तिचा एकुलता एक मुलगा, त्यासाठी रशियातून आला होता आणि लेकाला मांडीवर घेऊन बोलला होता. परत गेल्यावर चार महिन्यांनी तो परांचीवरून पडून गेला. आता दहा दिवसांवर त्याचं वर्षाचं जेवण होतं.

"पोराला बापाचा आवाज ठाऊक नाही," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर लावायची आहे."

सातीबाल्दीनं वायर बदलली. दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिली. डावी बाजू वेगळी ऐकली, उजवी वेगळी. दोष तबकडीत नव्हता. मग त्यानं मूळ कॅसेट लावून कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ काढली. सगळी रेघ जवळजवळ सपाट होती, आणि एकाच जागी वर टोकाला टेकलेला सुळका. कॉम्प्युटर सगळा आवाज एकदमच चढवतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा टोकाला टेकला की थांबतो. तो सुळका असेपर्यंत कुबात बारीकच बोलणार.

हेडफोन लावून त्यानं तेवढाच तुकडा ऐकला. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून एक बाई ओरडत होती, "अगं, ते हाड तिकडं कुठं नेतेस? मानाचं हाड व्याह्यांना! व्याह्यांना दे!"

आवाज त्यानं तिथंच ओळखला. उरुमकान समोर स्टुलावर बसली होती.

मेजवानीत कुठलं हाड कुणाच्या ताटात गेलं, यावरून इथं सोयरिकी तुटतात. घरच्या बाईचं लक्ष तिथं नसेल तर कुठं असणार?

"काय सापडलं?"

"मध्येच कुणीतरी ओरडलंय. तेवढं काढून टाकतो."

"कोण?"

"गर्दी होती, एजे. कोण ते काय कळणार?"

त्यानं तुकडा पुसला, आवाज चढवला आणि स्पीकर लावले. कुबात कंटेनरभर बोलायला लागला. गुल्सुन हातातले मोजे ठेवून दाराशी आली. कुबातनं लेकाचं तोंड स्वतःकडे वळवलं. "मी लांब असतो. पण बाळा, तुला एक गोष्ट सांगून ठेवतो..."

पुढचे चार सेकंद आवाजच नाही. नुसते ओठ हलत होते. मग टाळ्या.

"हे काय? ऐन तिथंच?"

"तिथंच ओरडणं होतं."

"मग ओरडण्यासकट लाव."

"एजे, राहू द्या."

"लाव म्हणते ना!"

त्यानं कॅसेट लावली. उरुमकाननं ऐकलं. आणखी एकदा लावायला सांगितलं, तेही ऐकलं. गुल्सुन गुपचूप आपल्या दुकानात गेली.

"माझ्या आवाजाखाली तो आहे ना? मला काढ, त्याला ठेव."

"दोघं एकाच माइकमधून आलेत. तुम्हाला काढलं की तोही जातो."

"मी शेजारीच उभी होते रे," ती म्हणाली. "मला ऐकू आलंच असणार." बराच वेळ ती आठवत बसली. "मला ते हाडच दिसतंय." मग उठली. "व्याह्यांना विचारते. ते अगदी त्याच्या पुढ्यात बसले होते."

चार दिवसांनी ती आली. सातीबाल्दीनं दोन्ही तबकड्या तयार ठेवल्या होत्या.

"विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, विहीणबाई, त्या दिवशी तुम्ही माझा मान राखलात, तो मी जन्मभर विसरणार नाही."

"आणि कुबात काय म्हणाला?"

"ते त्यांनी ऐकलं नाही. माझ्याकडे बघत होते म्हणाले."

सातीबाल्दीनं तबकड्या पुढे केल्या. "ही कापलेली, मोठ्या आवाजाची. ही होती तशी. कुठली देऊ?"

"कापलेली दे."

"लोक विचारतील, मध्येच आवाज का गेला."

"लोकांना सांगेन, कॅसेट खराब होती. तूही तेच सांग." तबकडी तिनं रुमालात गुंडाळली. "नातू मोठा झाला की विचारेल, बाप काय म्हणाला. त्याला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही."