गंगव्वाचा पदर

१९५८ साली बंगळूरच्या एका इस्पितळात गंगव्वा मुलांच्या वॉर्डात आया होती. जुलाब लागलेल्या पोराचं बूड ती पदरानं पुसायची आणि त्याच पदरानं शेजारच्या पोराचं तोंड. आग लागो असल्या मायेला!

हात मोडला म्हणून आणलेलं परसूचं पोरगं तिथंच जुलाबानं गेलं. परसू पिसाळला. "पाण्यात विष कालवलंत!" असं ओरडत त्यानं माठ फोडला आणि पाणी भरणाऱ्या देवाप्पाचं डोकं खापरानं ठेचलं. पुन्हा हात उगारला तेव्हा गंगव्वा आडवी आली. "अण्णा, पुरे!" परसू तिच्या पायाशी कोसळून ओक्साबोक्शी रडला.

रक्त बघून त्याची धाकटी किंचाळत होती. गंगव्वानं तिला कडेवर घेतलं आणि पदरानं तिचं तोंड नीट पुसून दिलं.