बाराआधीची आरोळी

धावडा गावावर पहाटेची धुई उतरली होती. गोपिकाबाई शेळीचं दूध काढत होती, पण कान रस्त्याकडे लागले होते. तिचा लेक इंद्रभान विहिरी खोदताना सुरुंगाचे बार उडवायचा. घरात सापडलेल्या वायरीवरून पोलिसांनी त्याला दहशतवादाच्या कलमात आत टाकलं, अन् वरीसभर जामीन मिळाला न्हाई. शेवटी गावानं कोर्टात साक्ष दिली, ‘हा बार उडवण्याआधी ओरडून कोंबड्यासुद्धा लांब हुसकावतो.’ काल कोर्टानं त्याला सोडलं.

तेवढ्यात धुईतून आरोळी आली, "बार हाय, बाजूला सरका!"

सवयीनं अख्खी गल्ली भिंतीआड पळाली. गोपिकाबाई खुदुखुदु हसत उठली.

"मुडद्या, कालच सुटलास ना? परत नेतील."

"नेऊ दे, माय. पहिले चहा टाक."

"दूध तर निघू दे," म्हणत तिनं डोळे पुसले अन् पुन्हा शेळीपाशी बसली.