एक शब्द हिरवा करा

आमची तेजस्वी म्हणजे उमेळ्याच्या हरेशची मुलगी. आमची म्हणते, कारण पाचवीत ती माझ्या वर्गात होती आणि माझ्या वर्गात बसलेलं पोर मी कुणाला परत देत नाही. हुशार होती, पण खोड एकच. शेजारचीला उत्तर अडलं की हिलाच राहवायचं नाही. भर चाचणीत कुजबुजून सांगायची. कितीदा वर्गाबाहेर उभी केली, पण सुधारेल तर शपथ.

आता ती एव्हरशाईन सिटीतल्या एका कंपनीत आहे. शिक्षकांना संगणकावर धडे बनवता यावेत, असं सॉफ्टवेअर ही मंडळी करतात. मी निवृत्त झाले तरी गप्प बसणारी नाही. मुलांसाठी धडे करते, ते त्याच्यावरच. एकदा ‘हरितद्रव्य’ हा एवढासा शब्द हिरवा करायला गेले, तर अख्खा धडा हिरवा! अक्षरं हिरवी, चौकटी हिरव्या, मागचं पानही हिरवं. रंगाची तीन बटणं. एकावर ब्रश, एकावर थेंब, एकावर रोलर, आणि कुठलं कशाला लागतं ते देवालाच ठाऊक. मी तेजस्वीला फोन करून चांगलंच फैलावर घेतलं.

पण ‘टीचर, तुमचंच चुकलं’ असं ती म्हणाली नाही. रविवारी नंदाखालला माझ्या घरी आली, शेजारी बसली आणि मी कुठे अडखळते ते नुसतं बघत राहिली. मग ऑफिसात जाऊन भांडली. तिचा साहेब हृतिक म्हणाला, लोकांना होते हळूहळू सवय. ही कसली हटतेय! शेवटी त्याने अट घातली. बटणांची नवी मांडणी कर आणि तुझ्या त्या चिडक्या मॅग्डलीन टीचरना बसव. कुणालाही न विचारता त्यांना जमलं तर तुझी मांडणी घेऊ, नाहीतर जुनीच राहील.

घ्या! म्हणजे या वयात परीक्षा माझी, आणि पोरीची सगळी मेहनत माझ्या हातात.

मांडणी तयार झाली तशी त्यांच्या ऑफिसात मला स्क्रीनसमोर बसवलं. हृतिक बाजूला, तेजस्वी मागे भिंतीशी. काम तेच, एक शब्द हिरवा करायचा. शब्द निवडला, रंग निवडला आणि हातच चालेना. मागचा तो हिरवा गोंधळ डोळ्यांसमोर आला. न राहवून मी मागे वळून पाहिलं. तेजस्वीचे ओठ घट्ट मिटलेले, नजर जमिनीवर. जिला कधी गप्प बसणं जमलं नाही, ती पोर आज गप्प उभी होती. मला भरूनच आलं.

मुकाट्याने पुन्हा स्क्रीनकडे वळले आणि नीट वाचलं. ब्रश नाही, थेंब नाही. सरळ विचारलं होतं, हा रंग कशाला द्यायचा? फक्त या शब्दाला, या पानाला की सगळ्या धड्याला? बाण ‘सगळ्या धड्याला’वर नेला, तर बाजूच्या छोट्या चित्रात सगळी पानं हिरवी झाली. माझा धडा मात्र होता तसाच. ‘फक्त या शब्दाला’वर नेला, तर चित्रात एकच शब्द हिरवा. बिनधास्त दाबलं. झालं काम.

हृतिक म्हणाला, हीच मांडणी घेऊ. माझी मान अशी ताठ झाली, जणू मीच बनवलीय.

बाहेर आल्यावर तेजस्वीने माझा हात धरला. “टीचर, आज मी नाही सांगितलं.”

“सांगितलंस की,” मी म्हटलं. “त्या स्क्रीनवर सगळ्यांनाच सांगून ठेवलंस. आता तुला वर्गाबाहेर कोण काढतंय, बघतेच मी.”